सुमनच्या वह्यांमधले कान

सुमे, तुझ्या ट्रंकेवर बसूनच हे लिहायलेय. ट्रंकेवर वाकळ, वाकळीवर मी. आठ दिवस झाले, उठते ती जेवायला आणि मोरीत जायला. शेजारची शेवंतावहिनी काल म्हणाली, "अक्का, खुर्ची हाय की घरात." मी म्हणलं, "खुर्चीनं पाठ धरती." तिनं माझ्याकडं बघितलं, वाकळीकडं बघितलं, आणि गेली. तिला संशय आला असणार. येऊ दे. ह्या घरात संशयाची काही कमी नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. पण मी तुझ्याबद्दल कुठं बोलायलेय, तुझ्याशी बोलायलेय. म्हणून खरंच सांगते. मी तुझ्यावर लई वर्षं संशय घेतला.

तू नर्स झालीस आणि सरकारनं तुला पार कोकणात, समुद्राच्या काठी नेऊन टाकलं. आधी फोनवर रडायचीस. भाकरी नाही, ज्वारी नाही, घाम वाळत नाही, बदली करून घेते म्हणायचीस. मग एका वर्षी रडणं थांबलं. बदलीचं नाव निघेना. फोन केला की तू दमलेली आणि खुशीत. "अक्का, आज सहा दिसले. एक पिल्लू हाय त्यात." कसलं पिल्लू? तर डॉल्फिनचं. तिकडचे कोळी त्याला गादा म्हणतात म्हणालीस. मी आपली हं हं करायची आणि फोन ठेवला की मनात म्हणायची, गादा-बिदा काही नाही, हिला कुणीतरी भेटलाय. बाईमाणसाच्या आवाजात एवढं ऊन माशामुळं पडतं का कुठं?

तू म्हणायचीस, "मासा न्हाई गं तो. पिल्लाला दूध पाजतो. वर येऊन श्वास घेतो."

मी म्हणायची, "म्हशीपण दूध पाजतात, कुणी त्यांच्यासाठी घर सोडलेलं बघितलं न्हाई."

सुरुवात कशी झाली ते तू मला दहादा सांगितलंस आणि मी दहाही वेळा खोटं धरलं. किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन आला. लोक जमले, पण हात कोण लावणार? मग कुणीतरी म्हणालं, सिस्टरला बोलवा, तिला तपासायचं ठाऊक असतं. आणि तू गेलीस, लहान बाळांचं डोकं मोजायची फीत घेऊन. त्या फितीनं तू त्याला नाकापासून शेपटीपर्यंत मोजलंस, चार वेळा फीत सरकवून. अंगावर जाळ्याचे वळ होते. पाण्यात राहणारं जनावर, पण जाळ्यात गुंतलं तर वर येता येत नाही, गुदमरून मरतं. तू म्हणालीस, "अक्का, बाळंतपणात गुदमरलेलं लेकरू मी बघितलंय. तसाच रंग होता."

हे खोटं नव्हतं एवढं मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. असली गोष्ट कुणी रचत नाही.

पण मी कसली! मी आले की नाही तुला रंगेहाथ पकडायला? न सांगता, तीन एसट्या बदलून, डोक्यावर तुझ्यासाठी ज्वारीच्या पिठाचं गाठोडं. तुझ्या खोलीत पुरुषाची चप्पल शोधली मी. तू चहा टाकत होतीस तेवढ्यात खाटेखाली वाकून बघितलं. दिसली ती तुझीच गमबुटं, वाळूनं भरलेली. तू मागून म्हणालीस, "सापडला का गं दाजी?" आणि इतकी हसलीस की चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी तू मला बोटीवर नेलंस. बोट चालवणाऱ्याला तिकडं तांडेल म्हणतात. हा तांडेल साठीतला, काळा, बोलायला कंजूष. मी मनात म्हणलं, हाच तो. पूर्ण वेळ मी पाण्याकडं कमी आणि त्याच्याकडं जास्त बघत होते. तो तुझ्याकडं बघत नव्हता. तुम्ही दोघं मिळून पाण्याकडं बघत होता. आणि मग ते आले. करड्या रंगाचे, पाठीवर आपल्या बैलाला असतं तसं वशिंड आणि त्या वशिंडावर माशाला असतो तसला बारका पर. फुस् करून श्वास सोडला, बैल फुरफुरतो तसा. मी घाबरून तांडेलाचाच हात धरला. आयुष्यभर तुला त्यावरून चिडवायला पुरलं ते.

"त्या परावरच्या खाचा बघ," तू म्हणालीस. "प्रत्येकाच्या येगळ्या. जाळ्यानं, बोटीच्या पंख्यानं, भांडणात कापलेल्या. अण्णांच्या शेळ्या आठवतात का?"

न आठवायला काय झालं? आपले अण्णा सगळ्या आळीच्या शेळ्या एकत्र चारायला न्यायचे. कुणाची कुठली हे कळायला प्रत्येक घराची कानाची खूण ठरलेली. आपली डाव्या कानाला दोन खाचा. गणपततात्याच्या घरची उजव्या कानाचं टोक उडवलेलं. पाटलीणबाईची मधोमध भोक. संध्याकाळी आळीत शिरताना अण्णा नुसते कान बघत आणि शेळ्या आपापल्या दारात सोडत. तू पाच वर्षांची असताना लांबून कान ओळखायचीस. मला जमायचं नाही. मी शेळीच्या आवाजावरून ओळखायची, ते कुणी धरत नव्हतं.

संध्याकाळी आपण वाळूत बसलो होतो. बोटी परत येत होत्या आणि तू बहिणी-बहिणी करतात तशी सगळ्यांची चेष्टा करत होतीस. "ती निळी बोट बघ, तिचा मालक म्हणजे आपला गणपततात्याच. गोड बोलंल आन मापात मारंल. ती पिवळी पाटलीणबाईची, नवऱ्याला बोलूच देत न्हाई. आन हा आपला तांडेल..." इथं तू थांबलीस. "हा आपल्या घरातला."

मी लगेच कान टवकारले. आपल्या घरातला म्हणजे? तू म्हणालीस, "म्हणजे खोटं बोलत न्हाई, एवढंच." मी ते तेवढंच मानलं नाही. मी ते पदराला गाठ मारून आणलं आणि वर्षानुवर्षं त्याच्यावर संशय घेत बसले.

आपलं भांडण मात्र खरं त्या रात्रीच्या जेवणावर सुरू झालं ते तू गेलीस तरी मिटलं नाही. मी म्हणलं होतं, "आपल्या ऊसतोडीच्या टोळीतल्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्या. उसाच्या फडात पाळीच्या दिवसांत काम थांबतं म्हणून काढल्या. कुणी केली त्यांची वही? आन तू डॉल्फिनची वही करतीस." तू भात कालवत होतीस. म्हणालीस, "केली होती की वही. किती लोक आले होते लिहून घ्यायला." मी म्हणलं, "तेच म्हणते मी. नावं नेली, पुढं काय झालं? वहीनं काय होतं गं?" तू कालवलेला भात तसाच बाजूला सारलास. मग म्हणालीस, "वही कुणाच्या हातात जाते त्यावर असतं, अक्का."

हे तेव्हा मला उत्तर वाटलं नाही. पळवाट वाटली.

यंदा तू आजारी होऊन माझ्याकडं आलीस ती ही ट्रंक घेऊन. कपड्यांची पिशवी एवढीशी, आणि ट्रंक दोन माणसांनी उचलायची. "काय हाय ह्यात?" "वह्या." "मग कुलूप कावून?" तू म्हणालीस, "इथं समुद्र न्हाई, अक्का. इथं कुणी शोधायला येणार न्हाई." असं बोलल्यावर माणूस संशय घेणार नाही तर काय करील?

आता कबूल करते. तू दुपारी गोळ्या घेऊन झोपलीस की तुझ्या उशीखालची किल्ली मी काढली. वहीचं पान उघडलं. पानावर शेवंता लिहिलेलं. वर तिकोनी आकृती, त्यात दोन खाचा. आणि नावावर फुली! फुलीशेजारी कापलेला कान. दुसऱ्या पानावर कडूबाई. तिसऱ्यावर गोदा. सगळी आपल्या आळीतल्या बायांची नावं, काही नुसती, काही फुलीची. मी म्हणलं, झालं. कोकणात जाऊन ही करणी शिकून आली.

संध्याकाळी शेवंतावहिनी तुझ्यासाठी पिठलं घेऊन आली, धडधाकट, पदर खोचून. मी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. बाहेरच वाटी काढून घेतली. "का गं अक्का, सुमनला भेटू दे की." "झोपलीये." "मघाशी खोकली की." "झोपेत खोकती ती." दोन दिवस मी त्या बाईला असंच परतवलं. तिसऱ्या दिवशी तुला हळूच विचारलं, "सुमे, शेवंतानं तुझं काय वाईट केलंय का?"

तू आधी माझ्याकडं बघितलंस, मग उशीखाली हात घातलास, किल्ली चाचपलीस, आणि मग असली हसलीस की मला तुझी पाठ चोळावी लागली. "अक्का, ती डॉल्फिन हाय! शेवंता डॉल्फिन! नावं कुठून आणू एवढी? आळीतल्या बाया घातल्या."

"आन फुली?"

तुझं हसू गेलं. "जाळ्यात गेलेल्या."

"आन कान?"

मग तू सांगितलंस. डॉल्फिन जाळ्यात मेला हे कळलं तर आपल्यावर केस होईल ह्या भीतीनं बोटवाले त्याला दगड बांधून तिथंच बुडवायचे. कुणाला पत्ता नाही, किती गेले, कुठं गेले. तू एकेकाच्या घरी जाऊन शब्द दिलास की तुमचं नाव कुणाला कळणार नाही, फक्त जागा आणि महिना सांगा. तेव्हा कुठं ते बोलायला लागले. "नाव लिहावं तर शब्द मोडतो. न लिहावं तर एकाच बोटीत सारखं का होतंय ते मलाच कळणार न्हाई. म्हणून कान काढले. अण्णांचे."

"कुठला कान कुठल्या बोटीचा, ते कुठं लिहिलंय?"

"कुठंच न्हाई. तुला दाखवलंय मी." आणि तू भिंतीकडं तोंड केलंस.

मला काय दाखवलं होतं ते मला आठवेना. तुला परत विचारायला मला लाज वाटली, आणि मग विचारायला तू राहिली नाहीस. ह्या वह्या द्यायच्या कुणाला, हे तर मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तू जाणार हे मी मान्य केल्यासारखं झालं असतं.

माझं नाव कुठल्याच पानावर नव्हतं बरं का. आळीतली भांडखोर सरस्वतीसुद्धा होती, मी नाही. तेवढं मात्र मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "तुझं नाव दिलं तर मोजताना भीती वाटती." मी ते औषधाच्या गुंगीतलं बोलणं धरलं. रुसले पण. आजारी माणसावर रुसले.

तुझं तेरावं झालं आणि दोन दिवसांनी पांढरी जीप आली. एक साहेब आणि एक मॅडम. डॉल्फिन वाचवायचं काम करतात म्हणे. साहेब गोड बोलणारा. तुझ्या फोटोला हार घातला, मग हाराचा फोटो काढला. चहा घेताना मोबाइल मधोमध ठेवला, त्यात बारका लाल दिवा. माझं लक्ष त्या दिव्यावर.

"आजी, तुमच्या बहिणीनं फार मोठं काम केलंय. हे प्राणी किनाऱ्याजवळ राहतात, म्हणूनच ते जाळ्यात सापडतात. आता थोडे उरलेत. कुठं आणि कधी मरतात हे कळलं, तर तेवढ्या जागी तेवढे महिने जाळी थांबवता येतील. ही माहिती फक्त त्यांच्या वह्यांत आहे."

बोलणं खरं होतं. मला कळत होतं खरं आहे ते. मग तो म्हणाला, "बोटमालकांची नावंही असतील ना? कारवाईसाठी नाही, फक्त रेकॉर्डसाठी."

फक्त! सुमे, टोळीतल्या बायांची नावं लिहून नेणारेही फक्त माहितीसाठीच म्हणत होते.

"वह्या इथं न्हाईत," मी म्हणलं. ट्रंकेवर बसून म्हणलं. मॅडमची नजर वाकळीखालून दिसणाऱ्या कडीवर गेली. ती काही बोलली नाही. आठवड्यानं परत येतो म्हणून गेले दोघं.

आणि परवा तांडेल आला. एकटा, पायात धुळीच्या चपला, हातात पिशवी. नारळ आणि आमसुलं. मी पहिलं काय म्हणलं असेल मनात? लाच. दुसरं म्हणलं, हा वह्या जाळायला आलाय. ह्याच्याच जाळ्यात सगळ्यात जास्त मेले असतील. त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि मी परत ट्रंकेवर. उघड्या दारातून दोघं एकमेकांकडं बघतोय.

"सिस्टर गेली," तो म्हणाला. "आमका उशिरा कळला."

"हं."

"वह्यो आसत मां?"

"कावून पाहिजेत तुमाला?"

"माका नको वह्यो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "एक लिवचा रवला."

एक लिहायचा राहिला. तू आजारी पडून इकडं आल्यावर त्याच्या जाळ्यात एक सापडली होती. तुला फोन लावत होता, तू उचलत नव्हतीस. कसं उचलणार? फोन माझ्याकडं होता आणि तांडेलाचं नाव दिसलं की मीच बंद करत होते. हे तुला सांगितलं नव्हतं. आता सांगतेय.

"एवढ्या लांब त्यासाठी आलात?" मी म्हणलं. "बुडवून गप बसला असता तर कुणाला कळलं असतं?"

"नाय लिवलंय तर तिचा सगळाच खोटा पडतला," तो म्हणाला. जसं काही मी येडी आहे.

मग तो अंगणात उतरला, काडी घेतली आणि मातीत पर काढला. वशिंड, वर बारकं टोक, टोकाखाली एक खोल खाच आणि तळाशी तीन बारक्या. मी ट्रंक उघडली. त्याच्यासमोर उघडली, सुमे. एकेक पान त्या मातीतल्या चित्राशी लावून बघितलं. कडूबाई नाही, गोदा नाही, सरस्वती नाही. शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर सापडला. टोकाखाली एक खोल खाच, तळाशी तीन. बाकी सगळ्यांना नाव, ह्याला नाव नाही.

"हिला नाव न्हाई दिलं," मी म्हणलं.

"आसा तर. बोटीर असताना तोंडान म्हणायची. वहयेत घालूची नाय." तो चपलेकडं बघत होता. "अक्का म्हणायची तिका. लय बडबडता म्हणान. सारखी फुस-फुस."

माझे डोळे भरले. आणि खरं सांगते, त्याच दमात संशयही आला. ह्यानं मला विरघळवायला हे रचलं तर नसेल? तू घरी मला अक्का म्हणतेस हे त्याला ठाऊकच होतं. बोटीवर मीच त्याचा हात धरला होता, माझी बडबड त्यानं ऐकली होती. मी लई वेळ त्याच्या तोंडाकडं बघितलं. कळलं नाही. अजून कळलेलं नाही. पण हा माणूस वही मागत नव्हता, फाडत नव्हता, लपवत नव्हता. तीन एसट्या बदलून स्वतःच्या विरोधात साक्ष द्यायला आला होता. असली गोष्ट कुणी रचत नाही.

मी पेन आणलं. अक्षर माझं तुला ठाऊक आहे. तुझ्या शाळेच्या पाटीवरून तू झोपल्यावर चोरून शिकलेलं. महिना लिहिला, जागा त्यानं सांगितली तशी लिहिली. फुली मारायला हात उचलेना. "मारा," तो म्हणाला. मारली. कुणाच्या नावावर मारली ते तूच बघ.

मग मी विचारलं, "कान कुठला काढू?"

तो म्हणाला, "ता सिस्टरीक म्हायती."

आणि सुमे, तेव्हा ती वाळूतली संध्याकाळ माझ्यासमोर आली. निळी बोट, गणपततात्या. पिवळी, पाटलीणबाई. हा आपल्या घरातला. तू चेष्टा करत नव्हतीस. तू मला शिकवत होतीस, आणि मी बसले होते दाजी शोधत. मी मागची पानं उलटली. डाव्या कानाला दोन खाचा, चार फुल्यांशेजारी. बुडवून लपवायला अख्खा समुद्र होता त्याच्याकडं, तरी त्यानं चारही तुला स्वतः येऊन सांगितले होते. मी पाचवा कान काढला. अण्णांचा.

तो जेवून गेला. भाकरी त्याला तुटेना, मी चुरून दिली. निघताना म्हणाला, जागा आणि महिने साहेबाला द्या, जाळं कुठं टाकू नये ते आम्हालाही कळू दे. शेवंतावहिनीनं कुंपणावरून विचारलं, "कोण गं पाहुणे?" मी म्हणलं, "घरातले." तिच्या डोळ्यांत काय संशय उतरला म्हणून सांगू! ह्या वयात माझ्यावर!

वह्या मी देणार, सुमे. मॅडमच्या हातात देणार, साहेबाच्या नाही. तिनं कडी बघितली आणि गप राहिली, तेवढं मला पुरे. दिल्या नाहीत तर उरलेल्याही पानांवर फुल्या पडतील, आणि मारायला कुणी नसेल. पण तू ह्या माझ्याकडंच का आणल्यास, ते अजून मला टोचतं. माझ्यावर विश्वास म्हणून, की जगात माझ्याएवढं संशयी दुसरं कुणी तुला ठाऊक नव्हतं म्हणून?

सोमवारी जीप येईल. मी ट्रंकेवरून उठीन. साहेब मॅडमच्या हातातल्या वहीची पानं उलटेल, मोबाइल मधोमध ठेवेल, आणि बोट टेकवून विचारेल, आजी, हे कान कुणाचे?

मी म्हणणार, आमच्या शेळ्यांचे, साहेब. आमचे अण्णा शेळ्या राखायचे.